खरा विंचू आणला की भारूड मोडतं

मे महिन्यातली परभणीची दुपार. बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही, आत कूलरची घरघर, आणि पलंगावर माझी भाची मोबाइल दोन्ही हातांनी नाकाजवळ धरून बसलेली. मधेच चादर डोक्यावरून घ्यायची, गुदमरली की काढायची, पुन्हा घ्यायची. मी म्हटलं, "काय करायलीस गं?"

"मामा, काहीच दिसंना. नुसता माझाच चेहरा दिसायलाय."

डोकावून बघितलं तर खरंच. पडद्यावर काळपट जंगल, त्यात काळपट जाकिटं घातलेल्या पोरी, आणि सगळ्यावर खिडकीचा उजेड अन् भाचीचं कपाळ. ती बघत होती 'फेट: द विंक्स सागा'. याच पोरीनं तिसरीत असताना 'विंक्स क्लब' या कार्टूनचे स्टिकर कंपासपेटीवर लावले होते. आठवडी बाजारातून दहा रुपयांना आणलेले. पऱ्यांच्या पंखांवर चमकी होती, ती महिनाभरात निम्मी गणिताच्या वहीत गेली.

"त्याच पऱ्या का ह्या?"

"त्याच. पण खऱ्या माणसांच्या."

"मग पंख?"

"नाहीत ना!"

आमच्याकडे परी म्हटलं की आधी लालपरी आठवते. पंख तिलाही नाहीत, पण तिनं तसा शब्द कधी दिला नव्हता. संध्याकाळी अंगणात बसल्यावर भाचीनं विचारलं, "मामा, कार्टून इतकं भारी असतं, मग माणसं घेऊन केलं की काहून बिघडतं?" मी चित्रकलेचा मास्तर. एलिमेंटरी-इंटरमीडिएटला पोरं बसवण्यात सव्वीस वर्षं गेली. हा प्रश्न आपल्याच विषयातला आहे असं मला वाटलं. तिला जे सांगितलं आणि नंतर जे सुचत गेलं, ते इथं मांडतोय.

आधी ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'विंक्स क्लब' हे इटलीचं कार्टून. इजिनिओ स्ट्राफी यांनी ते निर्माण केलं, त्यांच्या 'रेनबो' स्टुडिओनं बनवलं, आणि जानेवारी २००४ मध्ये ते इटलीच्या टीव्हीवर सुरू झालं. ब्लूम नावाची एक साधी शाळकरी पोरगी. बागेत तिला स्टेला नावाची परी एका राक्षसाशी झुंजताना दिसते, ही मदतीला धावते, आणि तिच्याच हातातून आग निघते. मग ती आल्फिया नावाच्या पऱ्यांच्या शाळेत जाते, मैत्रिणी जमतात, आणि दर भागात सगळ्याजणी रूप पालटून, पंख फुटून, झगमगत लढायला निघतात. पहिल्या पर्वाचे भाग २६. सगळं गुलाबी, निळं, जांभळं. मोठ्या माणसाला दोन भागांत डोकेदुखी होईल, पण ते मोठ्या माणसासाठी नव्हतंच.

सतरा वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर याचंच खऱ्या नट्यांना घेऊन केलेलं रूप आलं. भाग सहा. दुसरं पर्व सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं.

आता मुद्द्याकडे येतो, पण पैठणवरून.

नाथांचं विंचवाचं भारूड मराठवाड्यात कुणी ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. माणूस एक पाय धरून लंगडत, बोंबलत येतो. घामाघूम होतो, लोळतो, मृदंगवाला त्याच्या प्रत्येक उडीला थाप देतो. आमच्या गावच्या पारावर मी लहानपणी हे बघितलं तेव्हा सतरंजी उचलून खाली विंचू शोधला होता, आणि आजीनं पाठीत धपाटा घातला होता. पुढं कळतं की विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्याचा उतारा म्हणजे सत्त्वगुण. तोवर सगळं पटांगण हसून लोटपोट झालेलं असतं, आणि हसता हसता ते ऐकूनही घेतलेलं असतं.

आता समजा एखाद्या हौशी मंडळानं ठरवलं, यंदा जरा खरंखुरं करू. बाटलीत धरून विंचू आणला आणि ऐन रंगात सोडला. काय होईल? पुढची रांग पाय वर घेईल, बाया लेकरं ओढतील, कुणीतरी चप्पल हाणेल. काम-क्रोध कुणाच्या ध्यानात राहणार आहे? जोवर विंचू नव्हता तोवर तो पटांगणाएवढा होता. आणला, आणि तो विंचवाएवढा झाला.

कार्टूनमधली परी हा न दिसणारा विंचू आहे. रेघ बघणाऱ्याला म्हणते, 'समजा.' कॅमेरा म्हणतो, 'बघा.' या दोन शब्दांत जे अंतर आहे त्यात या मालिका पडतात, आणि पैसे ओतूनही वर येत नाहीत.

'समजा' म्हणजे नेमकं काय, तेही बघू. फळ्यावर मी दोन टिंबं आणि खाली एक वाकडी रेघ काढली की पाचवीचा वर्ग ओरडतो, "हसायलंय!" नाक कुठं, कान कुठं, कुणी विचारत नाही. जे नाही ते त्यांनी स्वतःच भरलेलं असतं. चित्रात जेवढं कमी, तेवढं बघणाऱ्याचं काम जास्त. आणि ज्यात आपण काम केलं ते आपलं वाटतं. ब्लूमच्या चेहऱ्यात दोन मोठे डोळे आणि केसांचा लाल झुपका, बाकी फारसं काही नाही. म्हणून परभणीच्या पोरीला ती स्वतःसारखी वाटू शकली. तिच्या जागी एक विशिष्ट नटी आली, तिचं विशिष्ट नाक, विशिष्ट आवाज, की ती दुसरी कुणीतरी होते. नटी चांगली असो वा वाईट, हे होणारच.

दुसरी गोष्ट हालचालीची. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं पडद्यावरून जातात. हातानं काढलेल्या ऍनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा. टीव्हीच्या कार्टूनमध्ये त्याहून कमी. आपल्याला वाटेल ही कंजुषी झाली. आहेच, पण त्या कंजुषीतून एक कला निघाली. मधली कुठली चित्रं गाळायची हे चित्रकार ठरवतो. मूठ मागं गेलेली दिसते, मग थेट लागलेली दिसते. मधलं गाळलं म्हणून फटका जोरात बसतो. उडी मारण्याआधी अंग इतकं दबतं की हाडामासाचं माणूस तसं दबलं तर दवाखान्यात न्यावं लागेल. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नीच्या दोन जुन्या चित्रकारांनी १९८१ साली ऍनिमेशनची बारा तत्त्वं लिहून ठेवली, त्यात ही 'आधीची तयारी' आहे, चेपणं-ताणणं आहे, अतिशयोक्तीही आहे. कार्टूनमध्ये अतिशयोक्ती म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर नव्हे; भाजी त्यातच शिजते. खऱ्या माणसाला असं दाबता, ताणता, गाळता येत नाही. त्याला गुरुत्वाकर्षण आहे, मणके आहेत.

ही गोष्ट काही इटलीची किंवा अमेरिकेची नाही. एकदा नववीची सहल अजिंठ्याला नेली होती. सतरा क्रमांकाच्या लेण्यात एक चित्र आहे: बुद्ध कपिलवस्तूला परत आले आहेत, भिक्षापात्र घेऊन उभे आहेत, आणि समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. बुद्ध प्रचंड मोठे, मायलेकरं त्यांच्या पायाशी इवलीशी. अंधारात डोळे सरावल्यावर एका पोरानं विचारलं, "सर, बुद्ध एवढे उंच होते का?" मी उत्तर द्यायच्या आधी मागून दुसरा म्हणाला, "येड्या, राहुल लहान लेकरू हाय. लेकराला बाप तेवढाच दिसतो." तो पोरगा पुढं चित्रकलेत नापास झाला, पण त्या दिवशी त्यानं मला शिकवलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारानं शरीराचं माप घेतलं नव्हतं, अर्थाचं माप घेतलं होतं. आता याचं 'खऱ्या माणसांचं' रूप करायचं म्हणून बारा फुटी माणूस उभा केला तर विचित्र दिसेल, आणि साडेपाच फुटी केला तर चित्र मरेल. करणाऱ्यानं तिसराच काही उपाय शोधावा लागेल. बहुतेक जण शोधत नाहीत. साडेपाच फुटी उभा करतात आणि म्हणतात, आम्ही वास्तववादी केलं.

आता पंखांचा हिशोब. तो फार सरळ आहे आणि निम्मं दुखणं त्यातच आहे.

चित्रकाराला पोरगी हातात कप धरून बसलेली काढायची असो की आगीचे पंख पसरून आकाशात, कागद एकच, पेन्सिल तीच; कष्टात फरक असला तरी फार नाही. खऱ्या शूटिंगमध्ये कप दहा रुपयांचा. उडायचं तर पोरीला पट्टे बांधून तारेनं टांगा, मागं हिरवा पडदा लावा, मग कॉम्प्युटरवर एकेक चित्र घेऊन तारा पुसा, पंख बसवा, पंखांचा उजेड तिच्या गालावर पाडा, केसांच्या कडा साफ करा. प्रत्येक सेकंदाला २४ वेळा. अशा सेकंदांची बेरीज लेखकाच्या टेबलावर येते आणि त्याला सांगितलं जातं, जादू कमी कर. मग कथेतच एक सबब तयार होते. 'फेट'मध्ये सांगितलं की पऱ्यांना पूर्वी पंख असायचे, ती विद्या आता लुप्त झाली. जादू करताना पोरी उभ्या राहतात, हात पुढं करतात आणि डोळे चमकतात. डोळे चमकवणं ही सगळ्यात स्वस्त जादू, कारण चमकवायची जागा सगळ्यात लहान. (हा माझा तर्क आहे. पण पंचवीस वर्षं गॅदरिंगचे पंख पुठ्ठा आणि पताकेच्या कागदात बसवलेत, त्यामुळे बजेट कुठं वाचवलंय ते मला लांबून दिसतं.)

गॅदरिंगचे पंख मात्र चालतात. पुठ्ठा दिसतो, डिंक दिसतो, एका परीचा एक पंख नाचता नाचता गळतो, तरी आयाबाया टाळ्या वाजवतात. कारण तिथंही 'समजा'चा करार आहे. कॅमेरा जवळ जाऊन पंखाची कड दाखवतो तेव्हा तो करार मोडतो.

मूळ कार्टूनमध्ये तर रूप पालटण्याचं दृश्य दर भागात तेच ते येतं. मोठ्यांना वाटतं पैसे वाचवायला तीच फीत पुन्हा लावली. वाचतातच. पण लेकरांसाठी ती आरती असते. भाची तेव्हा पलंगावर उभी राहून हात फिरवायची, गिरकी घ्यायची, आणि चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. रोजची आरती कुणी 'काल ऐकली होती' म्हणून टाळतं का? तेच दृश्य गाळलं आणि उरलं काय, तर वसतिगृहातल्या पाच पोरींच्या कटकटी.

अंधाराचंही असंच. रात्र आणि धुकं असलं की कॉम्प्युटरवर बसवलेल्या राक्षसाच्या कडा लपतात, हे एक. आणि दुसरं, अंधार म्हणजे गंभीर, गंभीर म्हणजे मोठ्यांचं, असा एक समज बनवणाऱ्यांत पसरलाय. भाचीसारख्यांनी दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत ते बघायचं कसं, याचा विचार त्या समजात बसत नाही.

मोठ्यांचं करायचं हा हट्ट मात्र समजून घेण्यासारखा आहे. २००४ साली ज्या पोरी आठ वर्षांच्या होत्या त्या २०२१ मध्ये पंचविशीच्या. नाव त्यांना आठवतं, वर्गणीही त्याच भरतात. म्हणून ठरलं की पऱ्यांनाही मोठं करू. 'व्हॅम्पायर डायरीज' या तरुणांच्या मालिकेवर काम केलेल्या ब्रायन यंग यांच्याकडे ही मालिका सोपवली. मग पार्ट्या आल्या, दारू आली, शिव्या आल्या. कार्टूनमध्ये पऱ्यांची शाळा वेगळी, चेटकिणींची वेगळी, लढवय्या पोरांची वेगळी. इथं पोरं-पोरी एकाच शाळेत आणली, कारण तरुणांच्या मालिकेला प्रेमप्रकरणं लागतात. तीन चेटकिणी होत्या आयसी, डार्सी, स्टॉर्मी. त्यांच्याऐवजी बिआट्रिक्स नावाची एकच. परिणाम असा की लहान लेकरांना दाखवायची सोय राहिली नाही, आणि मोठ्यांना असल्या मालिका आधीच दहा होत्या. तेलही गेलं, तूपही गेलं.

यात एक बदल मला फार खटकला, कारण तो बारीक आहे. कार्टूनमधली ब्लूम तान्ही असताना जळत्या इमारतीतून एका अग्निशामक दलाच्या जवानानं तिला वाचवलेलं असतं. तोच पुढं तिचा बाप होतो. आगीतून मिळालेली लेक, आणि तिच्या अंगातली शक्ती म्हणजेही आग. किती सुबक गाठ आहे! बाप आयुष्यभर आगी विझवतो आणि घरात आग वाढवतो. 'फेट'मधल्या ब्लूमची सुरुवात अशी की तिच्याकडून नकळत घराला आग लागते आणि आई भाजते. म्हणजे शक्ती ही देणगी होती, तिचं अपराधाचं ओझं केलं. त्यानं कथा खोल होते असं बनवणाऱ्यांना वाटलं असेल. मला विचाराल तर खोल नाही, फक्त ओली झाली.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे जाऊ. ते जास्त मोठं आणि जास्त कुप्रसिद्ध आहे, आणि त्याचं नाव आपल्याच भाषेतून गेलेलं आहे.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' हे अमेरिकी कार्टून २००५ ते २००८ मध्ये झालं, ६१ भाग. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीएत्झको यांचं. पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशी चार राष्ट्रं. प्रत्येकात काही माणसांना आपापलं तत्त्व हलवता येतं. चारही हलवू शकतो तो एकच, अवतार. तो निघतो बारा वर्षांचा खोडकर पोरगा, आंग, शंभर वर्षं बर्फात गोठलेला. डोळे उघडल्यावर तो पहिली मागणी काय करतो? पेंग्विनवर बसून घसरायला येशील का. जगाचा उद्धार नंतर.

यावर २०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी सिनेमा काढला. खर्च सुमारे १५ कोटी डॉलर. म्हणजे पैशाअभावी बिघडलं असं म्हणायला जागा नाही. पहिल्या पर्वाचे वीस भाग, सुमारे साडेसात तासांची गोष्ट, ती १०३ मिनिटांत कोंबली. कोंबताना पहिलं काय बाहेर पडलं? पेंग्विन. गमती, भांडणं, वाटेत लागलेली गावं गेली, आणि माणसं एकमेकांना फक्त माहिती सांगत राहिली. आपल्याकडे सात दिवसांचा सप्ताह एका तासात उरकला तर काल्याची लाही तेवढी हाती लागेल, तसं.

त्या सिनेमातला एकच प्रसंग सांगतो. कार्टूनमध्ये पृथ्वीवाल्यांना कैद केलेलं असतं समुद्रातल्या लोखंडी तळावर. चहूकडे पाणी, पायाखाली धातू. मातीचा कण नाही, म्हणून ते हतबल. मग भट्टीचा कोळसा झरोक्यातून वर उडवला जातो, कोळसा म्हणजे जमिनीतलाच, आणि कैदी त्यानं लढतात. लहान मुलालाही पटतं असं तर्कशास्त्र. सिनेमात हेच कैदी उघड्या मातीच्या जागेत, दगडधोंड्यांत ठेवलेत. आणि आंग त्यांना सांगतो, अहो, तुमच्या पायाखालीच तर जमीन आहे! वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही वाटतं. मग ते लढायला उठतात: पाच-सहा जण ओळीनं पाय आपटतात, हात फिरवतात, बराच वेळ कवायत होते, आणि शेवटी एक दगड, आमच्या शाळेच्या पोरांनी कैरी पाडायला मारावा त्याहून जरा मोठा, हळूच तरंगत जातो.

इथं हालचालीचा मुद्दा पुन्हा येतो. कार्टूनमधल्या या विद्या चिनी युद्धकलांवर बेतलेल्या होत्या; पाण्यासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, असं ठरवून, जाणकाराचा सल्ला घेऊन. पाय आपटला त्याच क्षणी दगड उठायचा. अंग आणि दगड एकच वाक्य बोलायचे. सिनेमात नटांनी कसरत आधी केली, दगड नंतर कॉम्प्युटरवर बसवला, आणि दोघांमध्ये एवढी फट राहिली की तिच्यातून सगळी जादू गळून गेली.

लोक आणखी एका गोष्टीवर चिडले होते. कार्टूनचं जग उघडउघड आशियाई आणि उत्तर ध्रुवाकडच्या लोकांवर बेतलेलं. सिनेमात नायक मंडळी गोरी, आणि जाळपोळ करणाऱ्या अग्निराष्ट्राचा राजपुत्र भारतीय वंशाचा नट देव पटेल. दिग्दर्शक स्वतः पुद्दुचेरीतल्या माहेत जन्मलेला, तरीही. 'फेट'बाबतही तसंच झालं. ट्रेलर आला तेव्हाच चाहत्यांनी विचारलं, कार्टूनमधली सावळी फ्लोरा कुठं गेली? तिच्या जागी टेरा नावाची नवीच पोरगी होती. ओरड झाल्यावर दुसऱ्या पर्वात फ्लोरा आली, टेराची चुलतबहीण म्हणून. कार्टूनमधली आणखी एक मैत्रीण, टेक्ना, आलीच नाही. रेघेच्या चेहऱ्यात तपशील कमी असतात, म्हणून जे दोन-तीन असतात ते लेकरांनी पाठ केलेले असतात. त्यातला एक बदलला तर घरचं माणूस बदलल्यासारखं होतं.

'अवतार'च्या त्या सिनेमानं जगभरात सुमारे ३२ कोटी डॉलरचा गल्ला केला, आणि वाईट सिनेमांना देतात ते रॅझी पाच मिळवले. पुढचे दोन भाग काढायचा बेत होता, तो राहिला. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सनं तीच गोष्ट आठ भागांत पुन्हा केली. मूळ निर्माते आधी सोबत होते, २०२० मध्ये मतभेद होऊन बाहेर पडले. ही मालिका सिनेमाहून पुष्कळ बरी, कपडे-बिपडे नीट. पण आंगच्या लोकांचा संहार तिनं सुरुवातीलाच थेट दाखवून टाकला. कार्टूनमध्ये तिसऱ्या भागात आंग हसत-खेळत आपल्या जुन्या मठात परततो आणि तिथं त्याच्या गुरूचा सांगाडा सापडतो. त्याच्या माणसांतला तो एकच सांगाडा. बाकीचं 'समजा'.

मग पैसेवाले हे पुन्हापुन्हा का करतात, हा भाचीचा पुढचा प्रश्न. सोपं आहे: नवी गोष्ट लोकांना समजावून सांगावी लागते, जुन्या नावाला दारात लोक आधीच उभे असतात. 'फेट'चं पहिलं पर्व पहिल्या २८ दिवसांत ५.७ कोटी घरांनी बघितल्याचं नेटफ्लिक्सनं सांगितलं होतं. आकडा प्रचंड. पण तेव्हा त्यांची मोजायची रीत अशी होती की किमान दोन मिनिटं लावलं तरी 'बघितलं'. दोन मिनिटांत तर कंपासपेटीवरचं स्टिकर आठवून कुणीही लावेल. पुढं किती जण टिकले यावर मालिकेचं आयुष्य ठरतं, आणि या मालिकेचं दुसऱ्या पर्वात संपलं.

सगळंच फसतं असं मात्र नाही, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं उदाहरण तेच वाटतं. 'वन पीस' ही जपानी चित्रकथा, तिचं कार्टून १९९९ पासून चालू आहे. नायक रबराचा, हात ताणून पलीकडच्या जहाजाला धरतो. कागदावर सोपं, माणसात अशक्य, अशी वस्तू. २०२३ मध्ये खऱ्या माणसांची मालिका आली, पहिले भाग आठ, आणि लोकांना आवडली. मूळ चित्रकार एइचिरो ओडा यांचं समाधान होईपर्यंत ती दाखवायची नाही असं ठरलं होतं. आणि मालिका बनवणाऱ्यांनी लाज सोडली, हे महत्त्वाचं. त्या जगात फोन म्हणजे जिवंत गोगलगाय असते. मालिकेत ती गोगलगाय तशीच ठेवली, बाहुली करून, टेबलावर, डोळे मिचकावणारी. कुणी तिची सबब सांगत बसलं नाही. रंगही तसेच भडक. त्यांनी खरा विंचू आणला नाही, पाय धरून बोंबलणारा माणूस आणला.

भाचीला मी गोगलगायीचा तुकडा दाखवला. "हे चालतंय मंग," म्हणाली.

'फेट'चे सहा भाग तिनं चिवटपणे संपवत आणले. शेवटच्या दिवशी गच्चीवर बहिणीनं सांडगे घातले होते, आभाळ भरून आलं, आणि वळवाचे दोन थेंब पडताच भाची मोबाइल माझ्या हातात कोंबून वर पळाली. मी एकटाच बघत बसलो. ढगांमुळे खोलीत अंधार झाला होता आणि पहिल्यांदाच पडदा नीट दिसत होता. जंगलात ते जळके राक्षस ब्लूमला घेरतात, ती डोळे मिटते, आणि तिच्या पाठीतून आगीचे पंख निघतात. मी जिन्यापाशी जाऊन हाक मारली, "अगं ये लवकर, पंख फुटले!"

ती आली, हाताला पीठ, कडेवर परातीचं ओझं. उभ्या उभ्या बघितलं.

"मामा, हे पहिल्याच भागात पायजे होतं," म्हणाली, आणि उरलेले सांडगे आणायला परत वर गेली.